न्याहारीला जेवण म्हणत नाहीत

स्ट्रेचरवरच्या बाईच्या केसांवर हिरवी टोपी बसवायला शिला वाकली आणि तिला लसणाचा वास आला. बाई तिची आईच होती, जिवनबाई. पित्ताच्या पिशवीत खडे झालेले, ते काढायचे होते, आणि पुढच्या काही मिनिटांत तिला पूर्ण भूल द्यायची होती. वासानं शिला दचकली मात्र नाही. उलट तिला क्षणभर बरंच वाटलं. स्पिरिट, फिनेल, नुकतीच वाफेतून काढलेली फडकी यांच्या वासात सहा वर्षं नोकरी झाल्यावर आईच्या तोंडाचा तो ओळखीचा वास म्हणजे साखऱ्याजवळचा बंजाऱ्यांचा तांडा, चुलीचा धूर, पाटा, पाट्यावर लाल मिरचीबरोबर वाटला जाणारा लसूण, आणि कडेवर घेताना आईच्या ओढणीचे आरसे गालाला टोचायचे ते. आईला असाच वास यायचा, नेहमीच. लहानपणी तिला वाटायचं की प्रत्येकाच्या आईला असाच वास येत असणार. शाळेतल्या बाईंच्या अंगाला पावडरीचा वास आला तेव्हा या कुणाची आई नसतील असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. टोपीची नाडी बांधता बांधता ती या वासात जरा रेंगाळली, आणि मग तिच्यातली नर्स खडबडून जागी झाली. काल रात्रीपासून उपाशी असलेल्या माणसाच्या तोंडाला कोरडा, आंबूस वास येतो. ताज्या लसणाचा येत नाही.

पण आत्ताच तर विचारून झालं होतं. भुलीचे डॉक्टर नांदेडहून यायचे, आठवड्यातले ठरावीक दिवस. पोरसवदा, घाईतले, पण माणूस नीट. इंजेक्शन भरता भरता त्यांनी विचारलं होतं, "काय मावशी, सकाळपासून काही जेवलात का?"

"न्हाई जी."

"नाश्ता वगैरे?"

"न्हाई."

"चहा?"

"त्या बाजूच्या पलंगावरच्या बाई देत व्हत्या. मी नको म्हनलं."

शिलानं हे सगळं ऐकलं होतं. आई खोटं बोलणारी नव्हती. दुसऱ्याच्या शेतातली पडलेली कैरीसुद्धा ती बांधावर ठेवून यायची. मग हा वास? शिला परत वाकली, जणू टोपी सरळ करायला. आईनं डोळे मिटून घेतले होते. दंडावरच्या पांढऱ्या बांगड्या निघता निघत नव्हत्या, म्हणून त्यांच्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि आरशांच्या चोळीऐवजी हिरवा झगा घातलेली ती कुणाचीही आई दिसत होती. बाहेर काढलेल्या कपड्यांच्या गाठोड्यातच काय ती शिलाची आई उरली होती. मराठीत विचारावं असं तिच्या मनात आलं, पण मराठीत विचारून झालंच होतं आणि त्याची उत्तरंही आली होती. राहिली दुसरी भाषा. ती भाषा शिला या इमारतीत कधी बोलली नव्हती. नर्सिंगच्या होस्टेलवर एका मुलीनं तिला फोनवर आईशी बोलताना ऐकलं होतं आणि नंतर जेवणाच्या टेबलावर हेल काढून तिची नक्कल केली होती. सगळ्या हसल्या. शिलाही हसली. तेव्हापासून कुणी विचारलं तर ती सांगायची, आमच्या घरी मराठीच बोलतात. आई इथं दाखल झाल्यावर तिनं आईलाही हळूच बजावलं होतं, चारचौघांत मराठीत बोल. आईनं मान डोलावली होती. बाजाराची भाषा तिला येत होतीच.

इंजेक्शनची सुई वर धरून डॉक्टर जवळ आले. शिलाला आपला आवाज ऐकू आला, हवा होता त्यापेक्षा मोठा, तांड्याच्या बोलीतला. "याडी, बाटी खाल्लीस का?" तांड्यात माणूस माणसाला भेटला की हेच विचारतात. आईला याडी म्हणतात, भाकरीला बाटी, आणि खाल्ली का म्हणजे बरं चाललंय का, एवढंच.

जिवनबाईनं डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैल झाला, जणू इतक्या वेळानं कुणीतरी समजेल असं काही बोललं होतं. "व्हय," ती त्याच बोलीत म्हणाली. "अर्धी. चटणीसंगं."

"कवा?"

"तू खाली गेलीस तवा. म्हनलं, आता कापाकापी व्हनार, जरा दोन घास टाकून घ्यावं."

डॉक्टरांना बोली कळली नव्हती, पण शिलाचा चेहरा कळला. तिनं मराठीत सांगितल्यावर त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. ते चिडलेले नव्हते, घाबरलेले दिसत होते. भूल चढल्यावर पोटातलं वर आलं असतं आणि श्वासाबरोबर छातीत गेलं असतं, हे तिथं कुणालाच सांगायची गरज नव्हती. "मावशी," ते म्हणाले, "मग मला नाही कसं म्हणालात?"

"तुमी जेवनाचं इचारलं, साहेब," जिवनबाई म्हणाली. "मी कुठं जेवले?"

ऑपरेशन शुक्रवारवर गेलं. स्ट्रेचर परत ढकलत नेताना शिलाच्या डोक्यात भीतीपेक्षा ते वाक्यच फिरत होतं. मी कुठं जेवले. त्यात लबाडी नव्हती, बचाव नव्हता. आई खरंच चकित झालेली होती. अर्धी भाकरी कुणी जेवणात धरेल हे तिला नवीन होतं. शिलाला गेल्या वर्षीची दुपार आठवली. हिंगोली जिल्हा झाला त्याला तेव्हा वर्षभर झालं असेल, जिकडेतिकडे नव्या पाट्या लागत होत्या. आईच्या बरगडीखाली दुखतं म्हणून ती तिला एका दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, जेवल्यावर दुखतं का? आई म्हणाली, न्हाई. तेलकट जेवण झाल्यावर? न्हाई. मग पित्ताचं नसेल, असं म्हणून त्यांनी साध्या गोळ्या दिल्या. पुढे डोळे पिवळे झाले आणि फोटोत खडे दिसले तोवर वर्ष गेलं होतं. तेव्हा शिला आईच्या शेजारीच बसलेली होती. तिनंही तो प्रश्न ऐकला होता, उत्तरही ऐकलं होतं, आणि दोन्ही एकमेकांना लागू पडली असं समजली होती. आता तिला वाटलं, दोन माणसं एकच शब्द बोलतात आणि आपण समजतो की त्यांचं बोलणं झालं. किती जणांचं असं झालं असेल. काल उपाशीपोटी रक्त तपासलेल्या त्या म्हाताऱ्याचं. परवाच्या बाळंतिणीचं. त्या विचारानं तिला कसंतरी झालं, आणि त्या कसंतरी होण्याच्या तळाशी उत्सुकतेची एक बारीक कळ होती, दाताच्या फटीत काही अडकल्यावर जीभ पुन्हा पुन्हा तिकडे जाते तशी.

बाहेरच्या बाकावर वडील बसले होते. किसनसिंग. त्यांनी स्ट्रेचर इतक्या लवकर परत आलेलं पाहिलं आणि पागोटं डोक्यावरून काढून मांडीवर ठेवलं. शिलानं सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण ऐकून झाल्यावर म्हणाले ते निराळंच. "देवानं वापस धाडलं तिला. याचा अर्थ काय, तर करू नगा. मी घरला नेऊन राहिलो."

"बा, अर्धी भाकरी खाल्ली म्हणून थांबलं. देवाचा काय संबंध?"

"ती अर्धी भाकरी खायची बुद्धी कुणी दिली?"

शिला वॉर्डात आली. आत आईनं गाठोडं सोडून घागरा मांडीवर घेतलाही होता. तिला जायचंच होतं. ऑपरेशनला ती हो म्हणाली होती ती शिलाच्या रडण्यानं, आणि आता सुटकेचं निमित्त मिळाल्यावर तिच्या बोटांना घाई झाली होती. ती एकदा तांड्यावर पोचली की परत येणार नाही, हे शिलाला स्वच्छ दिसत होतं. खडा पुन्हा अडकणार, डोळे पुन्हा पिवळे होणार, आणि त्या वेळी साखऱ्याहून सेनगाव, सेनगावहून हिंगोली, मिळेल त्या जीपनं. रागवावं, दटावावं, सिस्टरच्या आवाजात बोलावं असं तिला वाटलं. तसं न करता ती पलंगाच्या कडेला बसली आणि तांड्याच्या बोलीतच बोलली. एकदा तोंडातून निघालेली ती बोली आता परत आत जायला तयार नव्हती. शेजारच्या पलंगावर पायाला प्लास्टर घातलेली खतीजाबी होती, तिनं मान वळवून पाहिलं. शिलाला त्याचं काही वाटलं नाही. आपल्याला काही वाटत नाही याचंच तिला नवल वाटलं.

"याडी, जेवण म्हणजे काय गं?"

"आता ह्ये काय इचारतीस?"

"सांग तरी."

जिवनबाईनं घागऱ्याची नाडी बोटाभोवती गुंडाळली. तिला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. "जेवन म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "खाली बसायचं. समोर कुनीतरी वाढनारं पायजे. आपुन नको नको म्हनायचं आन् त्यानं आनखी घालायचं. ते जेवन."

"आणि तू घरी रोज करतेस ते?"

"ते काय जेवन हाय का? भाकरी थापता थापता एखादी मोडकी निघती, ती तोंडात टाकायची. लेकराच्या ताटलीत उरलं तर ते. रानात गेलं तर तुझ्या बापाची न्याहारी बांधताना एक तुकडा. पोट भरतं की."

"शेवटची कधी जेवलीस मग?"

आईनं छताकडे पाहिलं. "माझ्या भावाच्या लग्नात," ती म्हणाली. "रूपसिंगच्या. बुंदी व्हती. तुझ्या आज्यानं वाढलं."

"माझ्या लग्नात?"

"तवा कुठं येळ व्हता?"

रूपसिंगमामाच्या लग्नात शिलाचा जन्मही झालेला नव्हता. आई हे तक्रारीनं सांगत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती, आणि सांगून झाल्यावर बुंदीच्या आठवणीनं थोडी हसलीही. शिलाला हसता येईना. तिनं डोळ्यांसमोर आईला जेवताना आणायचा प्रयत्न केला. भाकरी थापताना आणता येत होती, वाढताना, भांडी घासताना, भुरक्या उजेडात सरपण फोडतानाही. जेवताना येत नव्हती. चुलीच्या धगीत आईचा गाल हलताना दिसे, काहीतरी चघळत असल्यासारखा, एवढंच. ते काय असायचं हे तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्याला नाव नव्हतंच.

खतीजाबीचा नवरा चाँद पाशा दाराशी स्टुलावर बसून बायकोसाठी पाव दुधात भिजवत होता. कुरुंद्याचा माणूस, उर्दू शाळेत मास्तर होता, आता निवृत्त. त्यानं मघापासून अर्धं-मुर्धं ऐकलं होतं. शिला पाण्याचा जग भरायला उठली तसा तो म्हणाला, "सिस्टर, गुस्ताखी माफ. अम्मांना नाश्ता केला का, असं इचारलं व्हतं का डागदरसाबांनी?"

"विचारलं. नाही म्हणाली."

"बराबर बोलल्या. नाश्ता म्हंजे काय, फारसीत? ज्यानं सकाळधरनं काईच खाल्लेलं न्हाई तो. उपाशी मानूस. मग त्यानं जे खायाचं त्याचं नाव नाश्ता पडलं."

"खरंच?"

"आन् तुमची न्याहारी? ती बी तिथलीच. निहार, म्हंजे बी उपाशीच. आमच्यात बोलते ना, निहार मुँह गोली खाओ."

"मैं तो रोजच बोलती," खतीजाबी पलंगावरून म्हणाली. "सुबू निहार मुँह मेथी का पानी पी, शुगर कमी हुंगी."

जग भरून वाहू लागला तरी शिला नळ बंद करायला विसरली. निहार मुँह. हे ती जन्मापासून ऐकत होती, सेनगावच्या बाजारात, एसटीत, रोज या वॉर्डात. न्याहारीही ऐकत होती. दोन्ही एकमेकांशेजारी तिच्या कानात पडून होती आणि त्यांनी एकमेकांना कधी ओळख दिली नव्हती. वडिलांची न्याहारी डोक्यावर घेऊन आई बांधाबांधानं जायची, मागून शिला. न्याहारी फडक्यात गरम असायची आणि ती नेणारी बाई निहार तोंडाची. तुकडा मोडून घ्यायची तो सोडला तर. शब्दाच्या आत अशी एक रिकामी जागा असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिला तो शब्द हातात घेऊन उलटसुलट करून पाहावासा वाटला, लहानपणी नदीतला गोटा पाहायची तसा, आणि त्याच वेळी वाटलं की याचं आपल्याला काय करायचं, आई तर घागरा मांडीवर घेऊन बसलीय.

नळ बंद करून ती तशीच, जग तिथंच ठेवून, बाकावर वडिलांशेजारी जाऊन बसली. काय बोलायचं हे ठरवलेलं नव्हतं. "बा, तुला एक इचारू? आपली याडी काय खाती?"

"म्हंजे? भाकरी खाती. आपुन खातो तेच."

"किती?"

"आता किती म्हंजे... पोटभर."

"तू बघितलंस?"

किसनसिंगांनी मान वळवून वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी शोधल्यासारखं झालं. हा माणूस गोठ्याच्या दारातून अंधारात नुसता कान देऊन सांगायचा, पांढऱ्यानं आज कडबा सोडलाय, काहून सोडला बघा. बैलानं दोन घास कमी घेतले तर त्याला रात्रभर झोप यायची नाही. वडिलांनी पागोट्याचं टोक उलगडलं, परत गुंडाळलं, परत उलगडलं. समोरून झाडूवाल्या निर्मलाबाई फरशी पुसत आल्या, वडिलांनी पाय वर घेतले, पुसून झाल्यावर खाली ठेवले.

"तिला दुखायचं," ते म्हणाले. "बाटी खाल्ली की दुखायचं तिला?"

"व्हय. म्हणून ती आणखीच कमी खायला लागली असणार. दोन घास टाकायचे, दुखलं की थांबायचं. आन् डॉक्टरनं विचारलं, जेवल्यावर दुखतं का, तर न्हाई म्हणाली."

"मला बी न्हाई म्हनली ती."

"तू काय इचारलंस?"

त्यांनी पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं. उठले, आत गेले. शिला दारात उभी राहिली. आईनं त्यांना पाहून गाठोड्यातली ओढणी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "चला, सेनगावची गाडी भेटंल अजून." किसनसिंग पलंगाशी उभे राहिले. इतक्या माणसांत बायकोशी काय बोलायचं याचा त्यांना सराव नव्हता. शेवटी त्यांनी तिच्या मांडीवरचा घागरा उचलला, घडी घालायचा प्रयत्न केला, ती काही जमली नाही, मग तसाच गोळा करून गाठोड्यात कोंबला. "शुक्रवारपतर थांबू," ते म्हणाले.

"आन् बैलं?"

"पोरगा हाय की घरला. प्रेमदास बघंल."

शुक्रवारी सकाळी शिलानं आईला नेमानं सगळं विचारलं. पाणी? चटणी? बडीशेप? दाढेला काही धरलंयस का? शेजारच्या बाईनं काही दिलं का? जिवनबाई वैतागली आणि मग हसायला लागली. "थुकी गिळली," ती म्हणाली. "ती चालती का, तुझ्या साहेबाला इचार." भुलीच्या डॉक्टरांना शिलानं ते मराठी करून सांगितलं, तेही हसले, आणि सुई टोचताना त्यांनी तिला विचारलं की तुमच्या भाषेत घाबरू नका कसं म्हणतात. शिलानं सांगितलं. त्यांनी ते फार वाईट उच्चारलं. जिवनबाई हसतच भुलीत गेली.

ऑपरेशन नीट झालं. खडे एका बाटलीत घालून दिले, तुरीच्या डाळीएवढे, हिरवट. चाँद पाशानं बाटली उजेडात धरून पाहिली आणि परत दिली. पुढच्या आठवड्यांत शिलाला एक सवय लागली ती कायमचीच. ऑपरेशनच्या सकाळी ती कुठल्याही माणसाला जेवलात का म्हणून विचारत नसे. सकाळपासून तोंडात काय काय गेलं ते सांगा, असं विचारी, आणि मग थांबे. लोक आधी काहीच नाही म्हणत. ती थांबलेलीच राहिली की हळूहळू निघे. बिस्किटाचा एक तुकडा, देवाचा अंगारा घोटभर पाण्यात, नातवाचा उरलेला उपमा, उपवासाची म्हणून खिचडी, तीही थोडीशीच. प्रत्येकाकडे असं काही ना काही असे जे त्यानं खाण्यात धरलेलं नसे. भुलीचे डॉक्टरही तसंच विचारायला लागले. कधी कधी वॉर्डात एखादी तांड्यावरची बाई आली तर शिला तिच्याशी सरळ तिच्या बोलीत बोले, आणि बाकीच्या सिस्टर काम थांबवून ऐकत. एकीनं विचारलं, "अगं, तुला येतं हे?" शिला म्हणाली, "माझीच आहे."

पण ते नंतरचं. आईला घट्ट अन्न द्यायला परवानगी मिळाली त्या दिवशी शिलाची सकाळची पाळी होती, आणि ती संपल्यावरही ती थांबली होती. वडील मधे तांड्यावर जाऊन आले होते. पहिल्या गाडीनं निघून ते दुपार टळता टळता पोचले, हातात डबा, धाकट्या सुनेनं, नितानं बांधून दिलेला. बिनतेलाचं वरण, मऊ भाकरी, दुधी भोपळ्याची भाजी. आडवाटेला जीप बंद पडली होती म्हणून उशीर झाला. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. एसटी स्टँडवरचं ते काही खात नसत, आयुष्यात कधी खाल्लं नव्हतं.

शिलानं स्टूल ओढून त्यावर ताटली मांडली. आई उशीला टेकून बसली होती. तिनं ताटलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि ताटली हलकेच त्यांच्या बाजूला सरकवली. "तुमी जेवा आदी."

"मी जेवलो," किसनसिंग म्हणाले.

"कवा?"

"वाटंत. जेवलो म्हनलं ना. तू खा."

आता शिलाच्या जिभेवर ते आलंच होतं, सवयीनं, रोज कितीदा तरी विचारते तसं. वाटेत कुठं, काय, किती वाजता. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसले, मांडी घालून, अगदी जेवायला बसतात तसे, फक्त पुढ्यात काही नव्हतं, आणि मान वर करून बायकोच्या हाताकडे बघत राहिले. जिवनबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, तोंडापाशी नेला आणि क्षणभर तसाच धरला. तिला अवघडल्यासारखं झालं होतं, एवढं समोर बसून कुणी बघत असताना. मग तिनं तो खाल्ला.

"भाजी घाल तिला," किसनसिंग शिलाला म्हणाले. "थोडी आनखी घाल."

शिलानं डबा उचलला आणि वाढायला लागली. त्यांना तिनं काही विचारलं नाही.